प्रकरण सतरा : ओनिश्को एरिना

बारापैकी नऊ पदार्थ टेबलावर आले होते, तेव्हा वॉल्टरने संघाचा विषय काढला.

त्या संध्याकाळी तो विषय काढायचा नाही असं ठरलं होतं. ऑरिसियाने फोनवर तशी अट घातली होती आणि तिच्या थोरल्या भावाने ती मान्य केली होती. सहा जानेवारी, त्यांच्या जुन्या युक्रेनी पंचांगाप्रमाणे नाताळची आदली संध्याकाळ. ओनिश्कोंच्या घरात पहिला तारा दिसला की जेवण सुरू होतं आणि बारावा पदार्थ संपेपर्यंत आईखेरीज कोणी उठत नाही. जो मध्येच उठतो तो पुढच्या वर्षी या टेबलाला नसतो, असं मानतात. मानतात म्हणजे तसं कोणी मानत नाही, पण उठतही नाही कोणी.

"मामो, सोमवारी तो निळा कोट घाल हं," वॉल्टर आईला म्हणाला. "पहिल्या रांगेत बसायचंय तुला."

"वॉल्टर, आपलं काय ठरलं होतं?" ऑरिसियाने विचारलं.

"मी संघाबद्दल कुठं बोलतोय? मी मामोच्या कोटाबद्दल बोलतोय."

ब्याऐंशी वर्षांच्या स्तेफ्काने दोघांकडे पाहिलं आणि बीटाच्या साराचं भांडं ऑरिसियाच्या हातात दिलं. भांडणाऱ्याच्या हातात गरम भांडं द्यायची तिची जुनी रीत होती.

टेबलाला चार माणसं होती आणि ताटं पाच. पाचवं ताट गेलेल्यांसाठी. स्तेफ्का, तिचा मुलगा वॉल्टर, मुलगी ऑरिसिया आणि वॉल्टरचा मुलगा नेस्टर. वॉल्टरची बायको हिवाळाभर बहिणीकडे दक्षिणेत गेली होती. तिच्या नसण्याबद्दल बोलायचं नाही हीसुद्धा एक अट होती, आणि ती मात्र पाळली जात होती.

सोमवारची सभा म्हणजे पेम्ब्रिजच्या नगरपरिषदेची. अडतीस हजार वस्तीच्या या गावाला, ज्याला कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात शहर म्हणतात, व्यावसायिक आइस हॉकीचा संघ मिळणार होता. सर्वांत वरच्या लीगच्या एक पायरी खालच्या लीगमधला, दुसऱ्या शहरातून उचलून आणलेला. त्यांची अट एकच होती : पाच हजार आसनांची नवी एरिना शहराने बांधायची. ती चालवायची तर उत्तरेकडच्या वस्तीतली आणि कालव्यापलीकडची अशा बर्फावर खेळायच्या दोन्ही छोट्या रिंक बंद कराव्या लागणार होत्या. परिषदेत महापौर धरून नऊ जण. चार बाजूने, चार विरुद्ध. नववी ऑरिसिया. ती अजून काही बोलली नव्हती. संघ आणणाऱ्या मंडळींचा म्होरक्या तिचा सख्खा भाऊ होता, म्हणून तिने शहराच्या वकिलाला विचारलं होतं. वकिलाने कायदा बघून सांगितलं की यात नवरा, आई-बाप आणि मुलं एवढीच जवळची माणसं धरली आहेत. भाऊ बसत नाही, तुम्ही खुशाल मत द्या. कायदा करणाऱ्यांना बहुधा भाऊ नसावेत.

"काढलाच आहेस विषय तर बोल," ऑरिसिया म्हणाली.

वॉल्टर बोलला. शेतीची यंत्रं विकण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. गिऱ्हाइकाचा हात खिशाकडे जाईपर्यंत थांबायचं नाही हे त्याला ठाऊक होतं.

"हवामानाच्या नकाशावर आपलं नाव नाही, ऑरिसिया. वादळ आपल्या डोक्यावर असतं आणि टीव्हीवरची बाई शेजारच्या गावाचं नाव घेते. पोरं कोण घडवतं? आपण. पहाटे पाचला उठून त्यांना रिंकवर कोण नेतं? आपण. आणि ती मोठी झाली की खेळतात कुठं? जिथं लोकांना बर्फ फक्त पेल्यात माहीत आहे तिथं. बर्फ आपला, पोरं आपली आणि संघ त्यांचे. का? आपण लहान म्हणून? मग लहानच मरायचं का?"

"आणि उत्तरेकडची पोरं? त्यांची रिंक बंद झाली की पहाटे पाचला कुठं नेणार त्यांना?"

"नव्या एरिनात येतील."

"तिथं सकाळी तुझा संघ सराव करणार. दुपारी शाळा. संध्याकाळी सामने. पोरांना वेळ उरते रात्री अकराची. वेळापत्रक मी वाचलंय, वॉल्टर. तू वाचलंयस का?"

"तुला ना, कुठल्याही लग्नात जेवण मोजायची सवय आहे," वॉल्टर म्हणाला. "नेस्टर, सांग तुझ्या आत्याला. तू खेळलायस ना व्यावसायिक."

नेस्टरने काटा खाली ठेवला. सव्वीस वर्षांचा, खांद्याच्या दोन शस्त्रक्रिया झालेला. नव्या संघात त्याला सहायक प्रशिक्षकाची जागा मिळणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे तो बापाच्या बाजूने बोलणार हेही गृहीत होतं.

"आमचा संघ ऐन हंगामात, जानेवारीत, बंद पडला," तो म्हणाला.

"ते नको रे. खेळाचं सांग."

"तेच सांगतोय. पेम्ब्रिजएवढंच गाव होतं ते. आम्ही बाहेरगावच्या सामन्यासाठी बसमध्ये बसलो. पाऊण तास बस हलेना. मग ड्रायव्हरच उठून म्हणाला, पोरांनो, उतरा, तुमचा संघ नाहीये आता. मालकाने नाही सांगितलं, ड्रायव्हरने सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्या इमारतीत जनावरांचं प्रदर्शन भरलं. मी ज्या बाईंकडे राहत होतो, त्यांनी चौदा वर्षं ओळीने सगळ्या हंगामाची तिकिटं काढली होती. त्या मला म्हणाल्या, आता गुरुवारी मी काय करू?"

"म्हणजे तू विरुद्ध?" वॉल्टरचा आवाज चढला नाही, उलट उतरला.

"मी विरुद्ध कुठं म्हटलं? त्या बाई त्या चौदा वर्षांत सुखी होत्या, बाबा. मला खरंच ठरवता येत नाही."

"ओनिश्कोंच्या घरात एवढं प्रामाणिक बोलणं बरं नाही," स्तेफ्का म्हणाली. "बटाट्याच्या पिरोही घे. थंड होतायत."

कुणीतरी हसायला हवं होतं. नेस्टर थोडासा हसला.

मग वॉल्टरने कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि गहू-मधाच्या कुटियाचा वाडगा बाजूला सरकवून आईपुढे पसरला. नव्या इमारतीचं चित्र होतं ते. काचेचा दर्शनी भाग, पुढे झेंडे, आणि छताखाली माणसाच्या उंचीची अक्षरं : मातवी ओनिश्को एरिना.

स्तेफ्काने चष्मा लावला. अक्षरांवरून बोट फिरवलं. नवऱ्याला, मुलांच्या तातोला, जाऊन सोळा वर्षं झाली होती आणि या सोळा वर्षांत मुलांनी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आताही ती रडली नाही, पण तिचं बोट कागदावरून हलेना.

"ठरावातच घातलंय," वॉल्टर हळूच म्हणाला. "एकदा मंजूर झालं की कोणी बदलू शकणार नाही. तीस वर्षं तातोने या गावच्या रिंकचा बर्फ केला. बर्फासाठी जीव दिला त्याने. द्यायला नको नाव?"

ऑरिसियाला तेव्हा कळलं की वॉल्टरने फोनवर तिची अट का मान्य केली होती. त्याला हे दाखवायचं होतं आईपुढे, या टेबलाला, जिथून उठता येत नाही.

"ते नाव काढ," ती म्हणाली.

"काय?"

"ठरावातून ते नाव काढ, वॉल्टर. संघाचं मी बघते. संघाला कदाचित हो म्हणेनही. नाव काढ."

"बापाचं नाव नको तुला?"

"काय म्हणतेयस तू?" स्तेफ्काने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता, ताकीद होती.

नेस्टर तिघांची तोंडं बघत होता. "का पण, तेता?" त्याने आत्याला विचारलं. "आजोबा त्यांच्या साहाय्यकाला, लॉइडला, वाचवायला यंत्रघरात गेले. गावात सगळे तेच सांगतात."

"गेला होता तो आत. ते खरं आहे."

"मग?"

"ऑरिसिया," वॉल्टर म्हणाला. "आज नको."

"तूच काढलास विषय."

"मी नावाचा काढला. पानाचा नाही."

शब्द तोंडून निघून गेल्यावर त्याने ओठ मिटले. सोळा वर्षांत या घरात त्या पानाचा उल्लेख पहिल्यांदाच झाला होता.

"कुठलं पान?" नेस्टरने विचारलं.

स्तेफ्का उठली, तिला उठायची मुभा होती, आणि कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या भाताची परात आणून मधोमध ठेवली. दहावा पदार्थ. ती बसली. मग ऑरिसियाने सांगायला सुरुवात केली, ताटाकडे बघत, एखादा अहवाल वाचावा तशी.

गावच्या जुन्या एरिनाच्या यंत्रघरात अमोनिया खारं पाणी थंड करतो आणि ते पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून फिरून वरचा बर्फ धरून ठेवतं. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस मातवीला खाऱ्या पाण्याला वास आला. याचा अर्थ आतली नळी गळत होती, आणि अशा वेळी करायचं एकच असतं : यंत्र बंद. पण यंत्र बंद केलं की दोन दिवसांत बर्फ जातो आणि पुन्हा एकेक पातळ थर चढवत तो उभा करायला आठ-दहा दिवस लागतात. मार्चच्या दुसऱ्या शनिवारी गावच्या पोरांचा उपांत्य सामना होता आणि तो बघायला त्याच लीगची माणसं येणार होती. पेम्ब्रिजला संघ द्यावा का, हे त्यांना ठरवायचं होतं. तेव्हाही खटपटीच्या मुळाशी वॉल्टरच होता. ऑरिसिया तेव्हा शहराच्या क्रीडा खात्यात नोकरीला होती; रिंकचं वेळापत्रक तिच्या हाती.

"तातो नोंदवही घेऊन माझ्या टेबलाशी आला. मी वॉल्टरला फोन लावला."

"मी म्हटलं, शनिवारपर्यंत काढता आलं तर बघा," वॉल्टर म्हणाला. "बघा म्हटलं. हुकूम नाही केला."

"आणि मी तातोला म्हटलं, शनिवारपर्यंत थांब. तो थांबला. बर्फवाल्याला बर्फ सोडायचा म्हणजे काय असतं, ते तुम्हाला माहीत आहे. आपल्याला फक्त बंद कर असं म्हणायचं होतं, कुणीतरी. आम्ही म्हटलं नाही. सामन्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी सांधा फुटला आणि यंत्रघर विषारी अमोनियाने भरलं. लॉइड आत होता."

"पण लॉइडने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला म्हणून—" नेस्टर थांबला. "म्हणजे चौकशीत तेच..."

"चौकशीवाले दुसऱ्या दिवशी आले. वही मी दिली. देण्याआधी त्यातलं एक पान काढलं आणि इथे आणलं."

"आणि मी चुलीत घातलं," स्तेफ्का म्हणाली. "हो. बघतोस काय असा? तुझा आजोबा मेला होता. गाव त्याला देव म्हणत होतं. मी त्याच्या तोंडाला काळं फासू का? लॉइडही मेलाच होता. मेलेल्या माणसाचं काय बिघडतं?"

नेस्टरने पाचव्या ताटाकडे बोट केलं.

"लॉइड इथे यायचा ना, आजी? या जेवणाला. मला आठवतंय. माझ्या स्केट्सच्या नाड्या तोच बांधायचा. हे ताट त्याचंही आहे का?"

"हे ओनिश्कोंचं ताट आहे."

"त्याच्या मुलाला आम्ही शाळेत व्हॉल्व्ह म्हणायचो," नेस्टर म्हणाला. "कोलला. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी ओरडायचं, व्हॉल्व्ह, दार बंद कर! आणि सगळे हसायचे. मी पण ओरडायचो. सतराव्या वर्षी गाव सोडून गेला तो."

"पोरं चिडवतातच रे," वॉल्टर म्हणाला.

"बाबा, गप्प बसा तुम्ही."

वॉल्टरने कागदाची घडी घातली, नीट, कडेला कड जुळवून. "हे बघ ऑरिसिया. तू सोमवारी बोललीस तर काय होईल ते ऐक. लीगवाले त्याच दिवशी निघून जातील. बापावर डाग, माझ्यावर डाग, तुझी तर जागाच जाईल. आणि पुरावा काय? राख. लॉइड परत येणार नाही. संघही परत येणार नाही. या गावाला तिसऱ्यांदा कोण विचारणार?"

"मी जिवंत असेपर्यंत नाही," स्तेफ्का म्हणाली. "एवढंच मागते. मी गेल्यावर छपरावर चढून ओरड. मी बसलेय तोवर नाही."

"तोवर नाव लागलेलं असेल, मामो."

"लागू दे."

ऑरिसिया उठली. दोन पदार्थ राहिले होते.

"खाली बस," आई म्हणाली. "ऑरिसिया. आजच्या दिवशी उठू नये. खाली बस म्हणते ना."

तिने कोट घातला. दाराशी बूट चढवताना तिला आईचा आवाज ऐकू आला, कोणाला तरी, बहुधा नेस्टरला, म्हणत असलेला : "वाढून घे. उरवायचं नसतं."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी उणे एकतीस होतं. लॉइडच्या बायकोचं, बर्नाडेट प्रूडनचं, घर उत्तरेकडच्या वस्तीत, रिंकच्या मागच्याच गल्लीत. ऑरिसिया सोळा वर्षांत या गल्लीत चार वेळा आली होती. चारही वेळा मतं मागायला, आणि चारही वेळा हे एक घर सोडून.

बर्नाडेटने दार उघडलं. बाहेरचं जाळीचं दार मात्र उघडलं नाही.

"रिंकबद्दल असेल तर माझं मत आहे त्याच जागी आहे," ती म्हणाली. "बंद करू नका. माझ्या लेकीची दोन पोरं रोज जातात तिथं."

"रिंकबद्दल नाही. लॉइडबद्दल आहे."

ऑरिसियाने तिथेच, पायरीवर उभं राहून, सगळं सांगितलं. मोठं नव्हतंच ते. चार-पाच वाक्यांत संपलं. सोळा वर्षं वाहिलेलं ओझं एवढं आटोपशीर असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"काय लिहिलं होतं त्या पानावर?" बर्नाडेटने विचारलं.

"मला पाठ आहे."

"मग म्हण."

"खाऱ्या पाण्याला वास येतोय. लॉइड म्हणतो, आजच बंद करा. मी वर विचारलं. शनिवारपर्यंत चालू ठेवायचं ठरलं. मा. ओ."

बर्नाडेटचा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथून काढून तिने स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला. थंडीने असेल.

"बुधवारी रात्री त्याने मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "जेवताना. म्हातारा ऐकत नाही म्हणाला. मी म्हटलं, तू जाऊ नकोस उद्या. तो म्हणाला, मी नाही गेलो तर तो एकटा असेल. चौकशीवाला माणूस आला, तिथं बसला, माझी कॉफी प्याला. मला वाटलं विचारेल. त्याने एकच विचारलं. नवरा पीत होता का?"

"मला माफ—"

"थांब. ते नको." तिने जाळीतून ऑरिसियाकडे नीट पाहिलं. "लॉइडला संघ हवा होता, तुला माहीत आहे? तुमच्या वॉल्टरपेक्षा जास्त. म्हणायचा, आपल्याच पोरांना बघायला आपण आठ तास गाडी का हाकायची? म्हणून संघाचं मला सांगू नकोस. हो म्हण, नाही म्हण, तुझं तू बघ. पण हे जे आत्ता सांगितलंस ना, ते इथं, माझ्या दारात सांगून मोकळी होऊ नकोस. माझ्याबद्दल, माझ्या पोराबद्दल या गावात जे बोललं गेलं ते चारचौघांत बोललं गेलं. उद्या सांग. सगळ्यांसमोर. मी येईन."

"माझी आई तिथं असेल."

"मीही असेन," बर्नाडेट म्हणाली आणि दार लावलं.

*

सभागृहात बसायला जागा नव्हती. सत्तर-ऐंशी माणसं भिंतीला लागून उभी होती. वॉल्टरने शिवून आणलेल्या नव्या संघाच्या जर्सी निम्म्या लोकांनी कोटावरूनच चढवल्या होत्या. पहिल्या रांगेत वॉल्टर, त्याच्या उजवीकडे निळ्या कोटातली स्तेफ्का, डावीकडे नेस्टर. बर्नाडेट शेवटच्या रांगेत, दाराजवळ. कोणी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलं नव्हतं, जागा नसतानाही.

दोन तास लोक बोलले. एका शाळामास्तराने सांगितलं की त्याच्या वर्गातली बावीस पोरं बारावीनंतर गेली, परत तीन आली. एका बाईने उत्तरेकडच्या रिंकवरची सव्वीस मुलांची नावं एका दमात वाचली. एक म्हातारा म्हणाला, मला शहाऐंशी वर्षं झाली, मला वाद नको, मला फक्त मरायच्या आत घरच्या मैदानावर एक खरा सामना बघायचाय. त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. दोन्ही बाजूंच्या लोकांनी वाजवल्या त्या.

मग महापौर ग्लेंडा फ्रीसन यांनी मतं घ्यायला सुरुवात केली. चार बाजूने. चार विरुद्ध. ऑरिसियाच्या नावाशी त्या थांबल्या.

"मला आधी बोलायचं आहे," ऑरिसिया म्हणाली.

"चर्चा संपलीय. ठरावाबद्दलच असेल तर एक मिनिट."

"ठरावात माझ्या वडिलांचं नाव आहे. त्याबद्दल आहे."

ती बोलली. काल दारात जे शब्द वापरले तेच वापरले, एकही कमी-जास्त केला नाही. पान कोणी फाडलं ते सांगितलं. कोणी जाळलं ते सांगितलं नाही. मिनिट संपल्याची घंटा वाजली तरी महापौरांनी अडवलं नाही.

"वॉल्टर," महापौर म्हणाल्या. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

वॉल्टर उठला. त्याने माइक ओढून घेतला, जर्सीची बाही सारखी केली. "माझी बहीण," तो म्हणाला, "गेली काही वर्षं बऱ्या स्थितीत नाही. घरच्या गोष्टी आहेत. मी यावर जास्त बोलणार नाही. असं काही पान नव्हतं. असतं तर माझ्या आईला माहीत असतं."

सगळ्यांनी स्तेफ्काकडे पाहिलं. ती उठली नाही. हातातली पर्स तिने मांडीवर सरळ केली.

"नव्हतं," ती म्हणाली. मोठ्याने, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. "माझा नवरा त्या माणसाला वाचवायला आत गेला. मला एवढंच माहीत आहे."

मागून कोणीतरी ओरडलं, "लाज वाटत नाही का, ऑरिसिया? सख्ख्या बापावर!" दुसऱ्याने विचारलं, तिला उत्तरेकडच्यांनी काय दिलं. हशा झाला.

तेव्हा नेस्टर उठला. वॉल्टरने त्याच्या बाहीला धरलं. त्याने हात सोडवून घेतला. माइककडे तो गेला नाही. बाकांमधल्या वाटेने चालत तो मागे गेला, शेवटच्या रांगेपर्यंत, आणि बर्नाडेटच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसला. बर्नाडेटने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. स्तेफ्काने मान वळवून हे पाहिलं. या वेळी पर्स तिच्या मांडीवरून घसरली आणि ती उचलायला कोणी वाकलं नाही.

"ऑरिसिया ओनिश्को," महापौर म्हणाल्या. "बाजूने की विरुद्ध?"

"विरुद्ध."

ठराव पाच विरुद्ध चार मतांनी पडला. गलका झाला. एक जर्सी जमिनीवर येऊन पडली, मग आणखी चार-पाच. तो शहाऐंशी वर्षांचा म्हातारा जागचा हलला नाही, कोणीतरी त्याला हाताला धरून उठवत होतं आणि तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "झालं का? मिळाला का?" वॉल्टरने आईला कोटाच्या बाहीला धरून बाहेर नेलं. ऑरिसियाच्या समोरून जाताना स्तेफ्का थांबली नाही, आणि तिची चालही जलद झाली नाही. इतर दिवशी चालते तशी ती चालत गेली.

सभागृह रिकामं व्हायला वीस मिनिटं लागली. ऑरिसिया जागेवरच होती. समोरच्या लहान टेबलाशी सभेचा वृत्तान्त लिहिणारी लिपिक बसली होती. तिला आजची नोंद आजच पुरी करायची होती.

"तुमचं निवेदन मी जसंच्या तसं घेतलंय," लिपिक म्हणाली. "एकच राहिलं. मृताचं पूर्ण नाव लागतं आम्हाला. लॉइड प्रूडन, हे बरोबर. मधलं नाव काय?"

ऑरिसियाने तोंड उघडलं. लॉइड वीस नाताळ त्यांच्या टेबलाला जेवला होता. त्याला मासा आवडत नसे, कुटियात मध जास्त लागे, तो डावखुरा होता, हसताना डोळे मिटायचा. तिने आठवून पाहिलं. चौकशीचा अहवाल तिने पन्नासदा वाचला होता. त्यात तो सगळीकडे 'साहाय्यक' होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

लिपिकेचं पेन कागदावर थांबलं.

"अँब्रोझ," दाराजवळून बर्नाडेटचा आवाज आला. ती उभी होती, कोटाची बटणं लावलेली, नेस्टर तिच्यामागे. "लॉइड अँब्रोझ प्रूडन. लिहा. मी थांबते."